दार कोणालाच ओळखेना

१

सोमवारी सकाळी सहा चाळीसला टेलरच्या बायकोने समोरच्या मास्तरांचं दार दोन्ही हातांनी बडवलं. घंटी होती, पण तिला ती दिसली नाही.

"मास्तर, यांना कात्री उचलता येत नाहीये! तोंड वाकडं झालंय! चला ना, गाडी काढा ना!"

तिला गाडी चालवता येत नव्हती. टेलरला येत होती, पण तो आता खुर्चीत एका अंगावर कलंडून बसला होता. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अडतीस वर्षं त्यांनी गावाला क्लच आणि ब्रेकमधला फरक शिकवला. इमारतीत ज्याला म्हणून गाडी चालवता येत होती, तो मास्तरांच्या ओरडण्यातूनच गेलेला. तेव्हा त्यांचं दार बडवणं साहजिकच होतं.

मास्तर आणि तळमजल्यावरचे अध्यक्ष यांनी टेलरला खुर्चीसकट तळघरात आणलं. त्याच्याच व्हॅनमध्ये आडवं केलं. मास्तर स्टिअरिंगवर बसले. किल्लीच्या जुडग्याला लटकलेला टेलरचा रिमोट त्यांनी तळघराच्या दाराकडे धरला आणि दाबला.

दार हललं नाही.

पुन्हा दाबला. मग दाबतच राहिले. अध्यक्षांनी भिंतीवरचं बटण दाबलं. नाही. अध्यक्षांकडे स्वतःचे दोन रिमोट होते, कारण ते अध्यक्ष होते. दोन्ही नाही. पहिल्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण आरडाओरडा ऐकून गाउनवर शाल घेऊन आली. तिचाही रिमोट नाही. तिने गाडीत वाकून टेलरची नाडी बघितली, मग मास्तरांचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "आधी मास्तरांना कुणीतरी पाणी द्या."

बोलावलेली टॅक्सी चुकून शेजारच्या गल्लीत शिरली. रुग्णवाहिका आली सात वीसला. तोवर अर्धा तास टेलर स्वतःच्या व्हॅनमध्ये, कापडाच्या गठ्ठ्यांवर डोकं ठेवून, बंद दाराकडे बघत पडून होता.

जीव वाचला. उजवा हात गेला आणि वाचाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टेलरच्या बायकोला सांगितलं, "अर्धा तास आधी आला असता, तर कदाचित." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

२

मंगळवारी सकाळी शटरवाला आला. दार बसवणाऱ्या कंपनीचा हा माणूस. आठ दिवसांची रजा टाकून रविवारी बहिणीकडे गेला होता, तो फोन येताच परत फिरला.

दार चालवणाऱ्या यंत्राची पेटी तळघरातल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला होती. पेटीसमोर उभा राहून तो म्हणाला, "हे झाकण कोणी लावलं?"

झाकणावरची अक्षरं खाली डोकं वर पाय अशी उभी होती.

"ते सोड," अध्यक्ष म्हणाले. "आत बघ."

आत बघायला फार नव्हतंच. एक बटण आणि एक मिणमिणता दिवा. बटण एकदा टिचकीसारखं दाबलं की दिवा लागतो. तेवढ्यात जो रिमोट दाबाल तो दार शिकतं आणि ओळखायला लागतं. तेच बटण सहा सेकंद दाबून धरलं की दिवा विझतो आणि दार सगळं विसरतं. सगळ्यांना. एकाला वगळून दुसऱ्याला पुसायची सोय त्या यंत्रात नव्हती. भिंतीवरचं बटणसुद्धा बिनतारीच, म्हणजे रिमोटचाच भाऊ. तेही पुसलं जातं.

"पेटीच्या डोक्यात आत्ता एकही रिमोट नाही," शटरवाला म्हणाला. "हे आपोआप होत नाही. वीज गेली तरी होत नाही. कोणीतरी सहा सेकंद बोट ठेवलंय."

"कोणीतरी म्हणजे तूच. शनिवारी तूच हात घातला होतास."

ते खरं होतं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जागा सोडून गेला, तेव्हा त्याचा रिमोट बाद करायला शटरवाल्याला शनिवारी बोलावलं होतं. एकाला पुसायचं म्हणून त्याने सगळ्यांना पुसलं. मग घरोघरचे पाच रिमोट बिस्किटांच्या डब्यात गोळा होऊन खाली आले, ते एकेक करून पुन्हा शिकवले, शेवटी भिंतीवरचं बटण.

"रविवारी संध्याकाळी तुम्हीच गाडी आत घेतलीत ना साहेब? तेव्हा दार उघडलं ना?"

"उघडलं. आठ वाजता. कच्चं काम असेल, रात्रीतून गळलं."

"रिमोट काय नळ आहे गळायला?"

हे बोलायला नको होतं. अध्यक्षांना उलट उत्तर ऐकायची सवय नव्हती.

"गुरुवारी पाच वाजता बैठक आहे. तुझ्या कंपनीला जाणारं पत्र तयार आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या की जाईल."

शटरवाल्याने मान वर केली. दाराच्या रुळाजवळ लाल दोरी असते. यंत्राने दगा दिला तर ती ओढायची की दार मोकळं होतं आणि हाताने उचलता येतं. ती दोरी छताजवळ रुळाला गुंडाळून तिला तीन गाठी मारलेल्या होत्या.

"आणि ही कोणी बांधली?"

"लोंबकळत होती," अध्यक्ष म्हणाले. "वाईट दिसायची."

३

इमारतीत पाच बिऱ्हाडं. त्यातल्या एका बिऱ्हाडाकडे गाडी नव्हती, रिमोट नव्हता, आणि म्हणून तिथे संशयही पोचला नव्हता. ते टेलिफोनबाईंचं. एकतीस वर्षं टेलिफोन केंद्रात खुंट्या इकडच्या तिकडे खोचत लोकांची बोलणी जोडली. आता कोणाशी फारसं बोलत नसत, पण ऐकायची सवय सुटली नव्हती.

शटरवाला त्यांच्या उंबऱ्यातच उभा राहिला.

"बाई, माझ्यावर आधीच एक तक्रार आहे. दुसरी आली की कंपनी काढते. आणि 'याच्या कामामुळे माणूस अडकला' असं एकदा कागदावर आलं की दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. मला दुसरं काय येतं? दारंच येतात."

"आत ये आधी. उंबऱ्यात उभा राहून रडू नकोस, खालपर्यंत ऐकू जातं."

त्याने सगळं सांगितलं. बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"झाकण उलटं बसतं?"

"बसतं. चारी बाजूंनी सारखं आहे. पण उलटं लावायचं म्हणजे न बघता लावायला पाहिजे."

"हं," बाई म्हणाल्या.

बुधवारी त्या घरोघर गेल्या. टेलरची चौकशी हे निमित्त पुरेसं होतं.

डॉक्टरीण म्हणाली, "टेलरच्या मशीनच्या खडखडाटावरून मी तीनदा भांडलेय, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात."

"दुसऱ्यांदा. आधी अध्यक्षांकडे गेले होते."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, डॉक्टरणीला विचारा."

डॉक्टरीण हसली. "हे बघा, मला त्याची व्हॅन अडवायची असती तर चाकाची हवा काढली असती. सगळ्यांचे रिमोट कशाला पुसू? माझी गाडी काय उडून जाणार होती? शनिवारी डब्यात माझाही रिमोट होता. एकाला काढायचं तर सगळ्यांना काढावं लागतं, हे त्या पोराने जिन्यात सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं."

"सगळ्यांना?"

"जे होते त्यांना. अध्यक्ष होते, टेलर होता, मी होते. मास्तरांकडच्या वहिनी डबा घेऊन फिरत होत्या."

बाईंनी मनातल्या मनात नावांची ओळ लावली. पाच रिमोट, चार घरं. चारही घरांतून कोणी ना कोणी जिन्यात होतं. पण घर म्हणजे एक माणूस नव्हे.

४

मास्तरांच्या बायकोने चहा टाकला. मास्तर खिडकीशी बसले होते. बाई आत येऊन तीन पावलं चालल्या, तेव्हा ते म्हणाले, "या बाई." बाईंच्या चपला एका बाजूला झिजलेल्या होत्या आणि चालताना वाजत.

"मास्तर, तुमचा रिमोट बंद आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"सगळ्यांना कळलं तेव्हाच. टेलरला खाली नेला तेव्हा."

"सहा चाळीस."

"असेल. घड्याळ कोण बघतंय तेव्हा."

चहा आला. मास्तरांनी बशी जवळ ओढली, कपाच्या कडेवर बोट ठेवलं आणि किटलीतून चहा ओतला. चहा बोटाला लागला तसा हात थांबला. बाईंच्या कपात मात्र त्यांच्या बायकोने ओतला.

मास्तर औषध घ्यायला आत गेले. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, सोमवार म्हणजे तुमचा गुडघ्याच्या व्यायामाचा दिवस ना? मास्तर सोडतात."

"हो. सातला निघतो. पण त्या दिवशी कसलं निघणं. उठल्या उठल्या हे म्हणाले, आज गाडी निघायची नाही, रिमोट मेलाय. मी म्हटलं, मग चालत जाऊ. केस विंचरत होते, तेवढ्यात दार बडवलं."

बोलून झाल्यावर मास्तरांच्या बायकोने श्वास घेतला नाही. टेलिफोनच्या तारेवर बाईंनी असे श्वास खूप ऐकले होते. माणूस बोलून चुकतो आणि मग शब्द परत तोंडात ओढायला बघतो, तेव्हा श्वास असा मध्येच थांबतो.

"शनिवारी मास्तर खाली होते?"

"जरा वेळ. भाडेकरू रिमोट यांच्याकडे देऊन गेला होता. तो यांनी नेऊन शटरवाल्याच्या हातात दिला. त्याने तो एका हातात धरला, दुसऱ्या हाताने बटण दाबून ठेवलं आणि म्हणाला, गेला हा. हे लगेच वर आले आणि आडवे झाले. डबा मी फिरवला. यांचा रिमोट खिळ्यावरून काढून नेला आणि परत अडकवला. यांना ठाऊकसुद्धा नाही."

बाईंनी कप खाली ठेवला.

"वहिनी, मागच्या महिन्यात मी तुमच्या गाडीत मागे बसले होते. तुम्ही सारखं बोलत होतात. 'अगंबाई, लाल झाला बघा', 'ही सायकलवाली किती डावीकडून चाललीय.' मला वाटलं, वहिनी फार बडबडतात."

मास्तरांच्या बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हे म्हणतात, तुझा रेडिओ बंद कर," ती म्हणाली. "मी करत नाही."

५

गुरुवारी दुपारी दोनला टेलिफोनबाई पुन्हा आल्या. मास्तरांची बायको त्यांना बघून काही न बोलता खाली भाजी आणायला गेली. भाजी घरात होती.

"मास्तर, मी मांडते. चुकलं तर तुमच्या सवयीप्रमाणे ओरडा."

"मांडा."

"ज्याला इमारतीला त्रास द्यायचा होता, त्याने तारच कापली असती. पेटी नीट उघडून, बटण दाबून, झाकण परत लावणारा माणूस त्रास द्यायला गेलेला नसतो. त्याला एकच रिमोट पुसायचा होता. पण एकच पुसता येत नाही, हे जिन्यात सगळ्यांनी ऐकलं होतं. ते न ऐकलेला आणि तरीही पुसताना बघितलेला माणूस इमारतीत एकच आहे. त्याने फक्त पहिला अर्धा भाग बघितला. एका हातात रिमोट, दुसऱ्या हाताने बटण, आणि 'गेला हा'. त्याला वाटलं, हातात धरू तोच जातो."

मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"झाकण त्याने उलटं लावलं, कारण अक्षरं त्याला दिसली नाहीत. आणि सोमवारी, कोणीही खाली जायच्या आधी, त्याला आपला रिमोट मेल्याचं माहीत होतं."

"मधोमध दिसत नाही," मास्तर म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे बघितलं की तुमचा खांदा दिसतो, तोंड दिसत नाही. वर्ष झालं."

"वहिनींना?"

"ती सांगत नाही आणि मी विचारत नाही." मग म्हणाले, "मागच्या आठवड्यात शाळेसमोर एक मुलगी. ही ओरडली म्हणून ब्रेक लागला. मुलगी पलीकडे गेली, तिला कळलंसुद्धा नाही. ही नंतर घरापर्यंत हवापाण्यावर बोलत होती."

"मग चावी ठेवून द्यायची. सांगायचं, बास."

"कोणाला सांगायचं? अर्ध्या गावाला मी शिकवलं. तुम्हाला शिकवलं, तुम्ही दोनदा नापास झालात तरी सोडलं नाही. मला ते तोंडातून निघेना, बाई. रिमोटची बॅटरी काढली असती तर हिने नवी घातली असती. रिमोट हरवला म्हटलं असतं तर दुसरा आला असता. शटरवाला आठ दिवस नव्हता. म्हटलं, आठ दिवस तरी दारालाच 'नाही' म्हणू दे. मग पुढे बघू."

"आणि सोमवारी टेलरची बायको आली."

"मला वाटलं, फक्त माझा गेलाय. त्याचा चालणार. मी त्याच्या व्हॅनमध्ये बसून त्याचा रिमोट दाबला." मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "पहिल्याच दाबण्याला कळलं. बाकीचे नुसते दाबत राहिलो."

"तेव्हा का बोलला नाहीत?"

"तेव्हा बोलून दार उघडणार होतं का? त्याला परत शिकवायचं कसं, ते शटरवाल्याशिवाय कोणाला येत होतं?"

 बाईंनी घड्याळ बघितलं. पाचला दोन तास पंचेचाळीस मिनिटं होती.

"तो पोरगा जाईल, मास्तर."

"माहीत आहे."

६

बैठक तळमजल्याच्या पॅसेजमध्ये होती. सात खुर्च्या, त्यातली एक रिकामी. टेलरची बायको दवाखान्यातून आली होती आणि साडेपाचपर्यंत तिला परत पोचायचं होतं. पिशवीत धुतलेले कपडे होते. शटरवाला भिंतीला टेकून उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

अध्यक्षांनी पत्र वाचलं आणि पेन पुढे केलं. मास्तर उठले.

"मी पुसले," ते म्हणाले. "रविवारी संध्याकाळी, तुमची गाडी आत आल्यावर. मला दिसत नाही. मला माझा एकट्याचा पुसायचा होता."

 मग अध्यक्ष हसले, अगदी मनापासून, प्रेमाने.

"मास्तर, बसा. या पोराची नोकरी वाचवायला तुम्ही हे बोलणार, हे मला ठाऊकच होतं. मन मोठं आहे तुमचं. पण तुम्हाला दिसत नाही? गेल्याच आठवड्यात बायकोला घेऊन गेला होतात की गाडीतून."

"तीच चालवत होती," मास्तर म्हणाले. "तोंडाने."

डॉक्टरीण उठून मास्तरांसमोर आली, दोन बोटं धरली आणि म्हणाली, "किती?"

मास्तरांनी मान थोडी वळवली, कडेने बघितलं. "दोन."

"बघा," अध्यक्ष म्हणाले.

"मान सरळ ठेवा," डॉक्टरीण म्हणाली. "माझ्याकडे बघून सांगा."

मास्तरांनी मान सरळ केली. बराच वेळ ते सरळ बघत राहिले. त्यांच्या बायकोचे ओठ हलायला लागले, मग तिने ते दाबून धरले. पहिल्यांदाच तिने त्यांना काही सांगितलं नाही.

"नाही येत सांगता," मास्तर म्हणाले.

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. शटरवाल्याने सुटकेचा श्वास सोडला खरा, पण कोणाकडे बघायचं हे त्याला कळेना. टेलिफोनबाई म्हणाल्या, "पत्रात दोरीबद्दल काही लिहायचं आहे का, अध्यक्ष? तीन गाठी होत्या." अध्यक्षांनी पत्राची घडी केली, आणखी एक केली, पुढे घडी घालता येईना तोवर करत राहिले.

मग सगळे टेलरच्या बायकोकडे बघायला लागले. चार दिवस ज्याच्यावर चिडायचं तो माणूस तिला हवा होता, आणि तो आता समोर उभा होता.

"मास्तर," ती म्हणाली, "एकच सांगा. त्या दिवशी दार उघडलं असतं, तर तुम्ही व्हॅन चालवली असती?"

"हो."

"दिसत नसताना?"

"तुम्ही दारात उभ्या होतात. मला नाही म्हणता आलं नसतं."

"म्हणजे यांचा हात वाचला असता," ती हळूहळू म्हणाली, "नाहीतर मग वाटेत आम्ही तिघंही... नाहीतर रस्त्यावरचं कोणीतरी..." ती थांबली. कुठल्या बाजूला मोजायचं ते तिला कळेना. "चार दिवस मी या पोराला शिव्या घालतेय. आता तुम्हाला घालायला लागले तर मला ते जमत पण नाहीये. मग मी करू काय? ते तिकडे डाव्या हाताने हवेत कात्री चालवतात, मास्तर. झोपेत."

 डॉक्टरणीने आपली शाल सारखी केली.

टेलरची बायको उठली, पिशवी उचलली. "मला साडेपाचला पोचायचंय. नंतर आत सोडत नाहीत."

ते ऐकताच मास्तरही उठले आणि त्यांचा उजवा हात सरळ खिशाकडे, किल्ल्यांकडे गेला. अडतीस वर्षांचा हात होता. कोणाला कुठे पोचायचं आहे म्हटलं की तो आपोआप जायचा. त्यांच्या बायकोने तो सगळ्यांदेखत मनगटाला धरला. मास्तरांनी सोडवून घेतला नाही.

"चला वहिनी," शटरवाला म्हणाला, "माझा टेम्पो बाहेर आहे."

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग वळणावर गिअर बदलल्याचा. मास्तर तसेच उभे राहून ऐकत होते.

"दुसरा लवकर टाकला," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोने हात धरूनच ठेवला होता.